खाचा बुजवलेली पट्टी

आधी जावयाचा नफा-तोटा मांडते, कारण या गोष्टीत सगळ्यात जास्त खटपट त्यानं केली. माझ्यावर राबून त्याला काय मिळणार होतं? घर सासऱ्याचं, आणि सासरा ते कुणाच्या नावावर करण्याच्या घाईत नव्हता. रजा जाणार, कंबर धरणार, नाकातोंडात धूळ बसणार, हे सगळं खर्चाच्या बाजूला. जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती, सासऱ्याच्या तोंडचं एक वाक्य. लग्न झाल्यापासून त्यानं या घरातला नळ दुरुस्त केला, दिव्याची बटणं बदलली, गच्चीवरची टाकी आत उतरून धुतली. दरवेळी सासरे म्हणाले, "हं." तेवढंच. त्याच्याकडे असे इतके 'हं' साठले होते की त्यांचं एखादं दुकान थाटता आलं असतं. या खेपेला त्याला 'हं'च्या पुढचं काहीतरी हवं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. माझ्यासारखी पट्टी तुमच्या घरी असेल किंवा नसेल, म्हणून नीट सांगते. आमच्या घराच्या पॅसेजमध्ये एका भिंतीला कंबरेएवढ्या उंचीपर्यंत उभ्या फळ्या आहेत. त्या फळ्यांच्या डोक्यावरून जी आडवी धावते, ती मी. झोपायच्या खोलीच्या दारापासून निघते, कोपऱ्यात डावीकडे वळते आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी थांबते. तिथं एक पायरी आहे, खाली उतरणारी. पायरी तिथं का आहे हे घर बांधणाऱ्यालाच ठाऊक. पाहुणा आला की त्याच्या नमस्काराआधी त्या पायरीवर त्याचा पाय घसरायचा, आणि मग ओळखपाळख व्हायची.

मला घडवणारा सुतार बोलका होता. रंधा चार वेळा फिरवायचा आणि तोंड चाळीस वेळा. पण हात सोन्याचे. त्यानं माझा माथा गोल केला आणि खालून बोटं अलगद बसतील अशी पन्हळ काढली. कोपऱ्यातल्या सांध्यात मात्र नखभर फट राहिली. घरच्या बाईंनी ती दाखवली, तर हा शांतपणे म्हणाला, "पट्टी सरळच आहे, वहिनी. तुमची भिंत वाकडी आहे." बाईंनी भिंतीकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या. ती फट तशीच राहिली. त्या फटीबद्दल मी सुताराची आजन्म ऋणी आहे. का, ते पुढं कळेल.

त्या बाईंना सगळे काकू म्हणत. खुर्च्यांच्या पाठी घासून भिंतीचा गिलावा उडतो, म्हणून आम्हाला लावून घेण्याची कल्पना त्यांचीच. त्यांचे यजमान म्हणजे नाना. बाजारात नानांचं चष्म्याचं दुकान होतं. अर्ध्या गावाच्या नाकावर नानांनी निवडलेली फ्रेम बसलेली असे. माणूस हुशार, हाताचा नेमका आणि शब्दांचा चिक्कू. कौतुक करायचं तर जणू पदरचं द्यावं लागतं, असा त्यांचा समज होता. चिक्कूपणा रंगातही होता. दुकानाच्या फळीला रंग दिला की डब्याच्या तळाशी जे उरेल ते माझ्या अंगावर. त्यामुळे मी पांढरी होते, मग निळी झाले, मग हिरवी, मग साईच्या रंगाची. काकू म्हणायच्या, "पट्टीकडे पाहिलं की तुमचं दुकान कसं चाललंय ते कळतं." शेवटचा रंग काकूंनी स्वतः निवडला, पुन्हा पांढरा. तो हात नानांनी आणि त्यांनी मिळून दिला. त्यानंतर काकू फार दिवस राहिल्या नाहीत.

तोवर माझ्या अंगावर घराचा सगळा इतिहास कोरला गेला होता. झोपायच्या खोलीजवळ एक लांब तिरका ओरखडा होता. नवा लोखंडी पलंग आत नेताना तो पडला आणि हमालानं खापर नानांवर फोडलं. पुढं न्हाणीघराच्या दाराशी दातांचे ठसे होते. नानांची लेक लहानपणी तिथल्या बाकावर उभी राहून मला चावत असे. मग कोपरा आणि सुताराची फट. आणि अगदी शेवटी, पायरीच्या तोंडाशी, एक गुळगुळीत खळगी. स्वयंपाकघरातून एका हातात ट्रे घेऊन वर चढताना काकू दुसरा हात माझ्यावर टेकत. त्यांच्या बोटातली अंगठी नेमकी एकाच जागी घासायची. माणसाच्या अर्ध्या आयुष्यात अंगठी लाकडात केवढी खोल जाते, ते मी अंगावर मोजलं आहे.

काकू गेल्यावर नानांनी दुकान विकलं. त्यानंतर हळूहळू मला एक गोष्ट कळली. घरात ती आणखी कुणालाच माहीत नव्हती. नानांचा हात माझ्यावर पूर्वीपेक्षा जास्त वेळ राहू लागला. आधी बोटं नुसती टेकायची, मग सरकू लागली, मग शोधू लागली. ओरखडा लागला की नाना दिव्याचं बटण दाबत. दातांचे ठसे लागले की न्हाणीघर. फट लागली की डावीकडे. खळगी लागली की थांबायचं आणि पाय खाली टाकायचा.

ज्यानं गावाला चष्मे दिले, त्याच्या डोळ्यांसमोर अंधार भरत होता. आणि हे लपवण्यात नानांइतका तयार माणूस शोधून सापडला नसता. डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांना खालच्या ओळीपर्यंत तोंडपाठ, कारण असा तक्ता त्यांच्या स्वतःच्याच दुकानात जन्मभर टांगलेला होता. सकाळी रेडिओवर बातम्या ऐकायच्या आणि लेकीचा फोन आला की पेपर वाचल्यासारख्या सांगायच्या. लेक आली की दाराशीच म्हणायचे, "वजन वाढलंय तुझं." तिला वाटायचं, नानांची नजर अजून घारीसारखी आहे. खरं म्हणजे त्यांनी जमिनीच्या फळीचा आवाज ऐकलेला असायचा.

ही लपवाछपवी कशासाठी, तेही सांगते. लेक आणि जावई दूरच्या शहरात सातव्या मजल्यावर राहत. काकू गेल्या तेव्हाच लेकीनं बजावलं होतं, "नाना, डोळे किंवा पाय, यातलं एक जरी गेलं तरी मी तुम्हाला इथं एकटं ठेवणार नाही." बोलली मायेनंच. पण त्या घराच्या भिंती गुळगुळीत. तिथं नानांच्या बोटांना विचारायला कुणी नव्हतं. इथं स्वतःच्या हातानं चहा करून पिणारा माणूस तिथं पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा हाक मारत बसला असता. नानांना मरणाचं भय नव्हतं, पण हाक मारण्याचं फार होतं.

आणि मग नानांच्या पित्ताशयात खडे निघाले.

शस्त्रक्रियेसाठी ते हॉस्पिटलात गेले. तिथं सगळ्यांनाच हाताला धरून नेतात, त्यामुळे गुपिताला धक्का लागला नाही. लेक त्यांच्यापाशी राहिली. जावई घर सांभाळायला इथं आला आणि त्याच्या डोक्यात ती कल्पना शिरली. नाना परत येतील तेव्हा पॅसेज असा करून ठेवायचा की त्यांच्या तोंडून शब्द फुटलाच पाहिजे. लेकीला फोनवर विचारलं. तिलाही कल्पना आवडली. म्हणाली, आईला लाकडाचा मूळ रंगही आवडायचा, तोच बाहेर काढ.

जावई मोबाईलवर पाहून काम शिकला. व्हिडिओतल्या माणसाला कधी घाम येत नाही. आमचा जावई मात्र पहिल्याच दिवशी न्हाऊन निघाला. त्यानं रंग उडवायचं औषध लावलं, पत्र्याच्या पट्टीनं खरवडायला घेतलं, आणि एकेक रंग उलट्या क्रमानं गळू लागला. पांढरा, साईचा, हिरवा, निळा, पुन्हा पांढरा. आणि मग खाली मी. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावरच्या रेषांना उजेड दिसला. त्यानं ओल्या फडक्यानं मला पुसलं तेव्हा सुताराच्या हाताची आठवण झाली.

पण मग त्याची नजर ओरखड्यावर गेली, दातांवर गेली, फटीवर गेली. तो हळहळला. "किती हाल केलेत बिचारीचे," असं मोठ्यानं म्हणाला, आणि मला तर त्याच्या तोंडावर ओरडावंसं वाटलं. पण पट्टीला तोंड नसतं. त्यानं लाकडाचा भुसा सरसात कालवला आणि एकेक खाच मायेनं भरली. वाईट हेतूनं केलेलं काम निदान कुठंतरी अर्धवट राहतं. हे चांगल्या हेतूनं केलेलं, म्हणून त्यात काहीही सुटलं नाही.

पायरीजवळचा माझा हातभर भाग ओलीनं आतून कुजला होता. स्वयंपाकघराचा नळ भिंतीच्या त्याच बाजूला आहे. जावयानं तो भाग कापला आणि नवं लाकूड आणून तसाच गोल माथा घासला. कुजका तुकडा कचऱ्याच्या गाडीत गेला. खळगी त्याच्यावरच होती. नवा तुकडा ठोकताना त्याची हातोडी सटकली, एक घाव लाकडावर आणि दुसरा अंगठ्यावर बसला. तो अंगठा तोंडात धरून तो पॅसेजभर नाचला. मग लाकडावरचा घाव इतका सफाईनं बुजवला की हात फिरवूनही कळू नये. वर पॉलिशचे हात दिले. मी आरशासारखी दिसू लागले आणि आरशासारखीच मुकी झाले.

नाना घरी आले ते दुपारी. लेकीनं बाहेरच्या दारापर्यंत हात धरला होता, तो उंबऱ्याशी त्यांनी सोडवून घेतला. माझं घर आहे, मी काय पाहुणा आहे का, असं म्हणत थेट पॅसेजमध्ये आले. जावई भिंतीला पाठ लावून उभा होता, पेपर तपासून मिळायची वाट पाहणाऱ्या मुलासारखा. सगळीकडे पॉलिशचा वास होता.

नानांनी हात माझ्यावर टेकला. बोटं पुढं सरकली. मागं आली. पुन्हा पुढं गेली. मी ती बोटं वर्षानुवर्षं ओळखते, ती अशी वाट चुकून कधीच मागं फिरली नव्हती. चार पावलं टाकून नाना थांबले. त्यांना पुढंही जाता येईना आणि मागंही. पण चेहरा तसाच ठेवला. वासावरून एवढं त्यांना उमगलं होतं की मला नवा हात दिला आहे.

जावयानं दबक्या आवाजात विचारलं, "कसं झालंय, नाना?"

आणि मित्रांनो, ते वाक्य आलं. ज्या वाक्यासाठी हा गडी इतकं राबला, ते आलं. नाना म्हणाले, "छान झालंय. चांगलं केलंत. पांढरा रंग कसा खुलून दिसतोय. तिच्या आईलाही पांढराच आवडायचा."

पॅसेजमध्ये मी गडद तपकिरी होते. माझ्यावर पांढऱ्याचा ठिपकासुद्धा उरला नव्हता.

जावयाचं हसू अर्ध्यात राहिलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती वडिलांकडे पाहत होती आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला होता. मग ती म्हणाली, "नाना, पट्टी पांढरी नाहीये."

नाना बाकाची जागा विचारून खाली बसले. स्वतःच्या घरात बाक कुठं आहे हे त्यांना विचारावं लागलं, त्यातच सगळा कबुलीजबाब आला.

त्यानंतर लेक रडली, आणि रडून झाल्यावर रागावली. हे नेहमी याच क्रमानं होतं. कधीपासून, असं विचारलं. तक्ता पाठ होता हे कळल्यावर तर ती म्हणाली की, लहानपणी मला पाठांतरावरून बोलायचात आणि स्वतः हे असले धंदे. शेवटी तिनं ठरवलं की उद्याच कपडे भरायचे आणि सातव्या मजल्यावर जायचं. नाना एवढंच म्हणाले की इथं मला दिसत होतं, तुम्ही घासून टाकलंत.

लेकीला ते कळलं नाही, पण जावयाला कळलं. स्वतःच्या हातानं भरलेली एकेक खाच त्याला आठवली असणार. तो उठला, हत्यारांच्या पेटीतून पटाशी काढली आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. पॉलिश अजून नीट वाळलंही नव्हतं.

"नाना," तो म्हणाला, "पहिली कुठं होती?"

नाना उठले. दारापासून वीतभर मोजून बोट ठेवलं. "इथून तिरकी. पलंगाची." जावयानं स्वतःच्या कामावर पटाशी चालवली. भुशाचे पापुद्रे निघाले, खालून ओरखडा आला. मग न्हाणीघरापाशी बोट थांबलं. तिथली खाच मोकळी झाल्यावर नानांनी लेकीचं बोट धरून तिथं टेकवलं आणि म्हणाले, "हे तुझे दात. दुधाचे." तिचं रागावणं त्या जागी जरा सैल झालं. मग सुताराची फट. वाकडी भिंत आहे म्हणूनच मला वळण कळतं, असं नाना म्हणाले, आणि मला तो बोलका माणूस आठवून गहिवरून आलं.

मग आलो पायरीपाशी. नानांचं बोट नव्या लाकडावर फिरलं, थांबलं, परत फिरलं. "इथली?"

जावयाला सांगावंच लागलं. कुजली होती, कापली, कचऱ्यात गेली. ऐकल्यावर नानांनी माझ्यावरचा हात काढून घेतला आणि दुसऱ्या हातात धरला, कुणीतरी तो परत द्यावा तसा. ती खळगी कशाची हे तेव्हाच लेकीनं नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा पाहवेना.

"मला माहीत नव्हतं, नाना."

"तुम्हाला कसं माहीत असणार," नाना म्हणाले. "मी सांगितलं कुठं कुणाला?"

मग जावई पुन्हा वाकला आणि नव्या तुकड्यावर, पायरीच्या अगदी काठाशी, पटाशी टेकवली. "इथं एक आहे अजून," तो म्हणाला. "तुमची नाही. माझी." भुसा निघाला आणि हातोडीचा घाव उघडा पडला, गोल आणि बेढब. नानांनी अंगठा त्यात ठेवला. बरोबर बसला.

"हातोडी?"

"सटकली."

"आणि अंगठा?"

"तोही."

नाना हसू लागले, आणि टाके दुखले म्हणून पोट धरून हसू लागले. हसता हसता पाऊल पुढं टाकलं, अंगठा घावातून सुटला, आणि पाय नेमका खालच्या पायरीवर पडला. एकटे, कुणाचा हात न धरता, ते स्वयंपाकघरात उतरले. आतून त्यांचा आवाज आला, "ती बुजवू नको हं आता. चांगलं केलंस." इतकी वर्षं जावयाला 'अहो'च्या उंबऱ्यावर उभं ठेवलं होतं, ते हे वाक्य बोलताना कुठं गळालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

लेकीनं मग एक काम केलं. डोळे मिटले, माझ्यावर हात ठेवला आणि झोपायच्या खोलीपासून निघाली. दोनदा चुकली. तिसऱ्या खेपेला पायरी बरोबर उतरली. डोळे उघडून म्हणाली की ठीक आहे, कपडे भरायचे नाहीत. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी घेऊन जाणार, आणि तिथं पाठ केलेलं काही म्हणायचं नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी टिकेल. लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं, असंही सांगितलं. नानांनी हे लेकीकडून लपवलं नाही. लपवायला ती शेजारीच बसली होती.

मित्रांनो, मला तुमच्याकडे फार काही मागायचं नाही. घर दुरुस्त करा, जरूर करा. माझे पाच रंग उतरवले म्हणून मी रोज त्या जावयाचे आभार मानते. फक्त खाच बुजवण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा की ही कशाची. आणि तुम्ही ते जुनं माणूस व्हाल तेव्हा, कुणी विचारायच्या आधीच सांगा.

राहिला हिशेब. माझं हातभर लाकूड गेलं आणि त्याच्याबरोबर काकूंची खळगी, ती कुणालाही भरून देता येणार नाही. नानांचं गुपित गेलं, आणि ते सांभाळल्याबद्दल अर्ध्या डोळ्याचा उजेडही गेला. लेकीची काळजी वाढली, ती रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर फेडते. जावयाचं एक नख काळं पडलं आणि आठवडाभराची झिलई वाया गेली, पण तो सगळ्यात स्वस्तात सुटला, असं त्याचं स्वतःचंच मत आहे. आणि त्या पायरीवर पडण्याची किंमत अजूनपर्यंत नानांना मोजावी लागलेली नाही.